रविवारी बंद

३ ऑगस्ट २०२५, रविवार

काळूराम हरला.

आज फाट्यावरच्या त्याच्या दारूच्या दुकानाचं शटर खाली आहे. मी सकाळपासून तीनदा जाऊन बघून आले. कुलूप. कुलपाच्या वर पाटी – ‘दर रविवारी बंद’. अक्षर त्याच्या बायकोचं, मीनाचं. सुंदर अक्षर आहे तिचं. मला तेही बघवत नाही.

माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबतात, पोरं उतरतात, पाटी वाचतात, शिवी हासडतात, परत बसतात. ती शिवी ऐकून इतकं बरं वाटलं!

देवजी गेले त्याला चार वर्षं झाली. तोही रविवार. घाटातून उतरणारी गाडी, चालवणारा प्यालेला. बाटली कुठून घेतली, पोलिसांनी विचारलं. वैशाखऱ्याच्या अलीकडे, फाट्यावर. माझा नवरा रस्त्याच्या कडेला उभा होता, एवढंच त्याने केलं होतं.

तालुक्याच्या कार्यालयातल्या माणसाने सांगितलं, कायद्यात अशी रविवारची सुट्टी नाही, गावाने आपसात ठरवलं तर ठरवा. गावाने ठरवलं. काळूरामने ग्रामसभेत अट घातलीच – “माजं बंद तं समद्यांचं बंद. जयावैनीचा किराणाबी.” त्याला वाटलं, मी खाली बसेन. माझा अर्धा धंदा रविवारचा. मी म्हटलं, बंद.

त्यातच धोंडीमावशीने रस्त्याकडेला कणसं विकायला बसणाऱ्या बायकांना सूट मागून घेतली. “दुकानाला शटर आसतं. टोपलीला कुठलं रं शटर?” सभा हसली. काळूरामही हसला. त्याचं हसणं मला सहन झालं नाही.

४ ऑगस्ट

रात्री झोप लागली. सलग.

७ ऑगस्ट, गुरुवार

वेफर्सवाला आला नाही. फोन केला तर म्हणतो, ताई, रविवार नाही तर तुमच्याकडे माल टाकून काय करू. थंडपेयवाल्याचंही तेच.

जेवताना तोंडातून निघून गेलं – “असंच चाललं तर दुकान विकते नि शेणव्याला जाते भावाकडे.” रागात बोलले. काळूरामवरचा राग. पण समोर आई होत्या. माझ्या सासूबाई, सत्तरीच्या. भाताचा घास हातात घेऊन बसून राहिल्या. मी ताट उचललं तेव्हाही तो हातातच होता.

जाणार कुठे मी? भावाच्या घरात मला कोण विचारतं. आणि आईंना सोडून? हे त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

बंद दुकानात बसणं वाईट. अंधार, मिठाच्या गोण्यांचा ओला वास. सवयीने तागडी पुसली.

आई एरवी रविवारी माझ्याजवळ दुकानात बसायच्या. आज म्हणाल्या, “मी कणसं भाजते रस्त्याला. बसून काय करू?” शेगडी नेली, टोपली नेली, टोपलीवर ओलं गोणपाट. मी पोचवायला निघाले तर – “नको गो, मी नेते.”

संध्याकाळी टोपली रिकामी. “सगळी खपली?” “खपली.” किती हुरूप त्या चेहऱ्यावर! देवजी गेल्यापासून पाहिला नव्हता.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी फाट्यावर तिघे झिंगलेले. एक आमच्याच गावचा भिमा, दोन बाहेरचे. काळूरामच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून गाणी म्हणत होते. भिमाला विचारलं, कुठून घेतलीस? “देवानं दिली, वैनी.”

धोंडीमावशी म्हणाली, “कुटनं तरी येते गो जया. वरून पडत नाय.”

कुठून येणार? मागच्या दारातून. काळूराम पुढून पाटी लावतो आणि मीना मागून विकते. सुंदर अक्षरात फसवतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मीना काडेपेट्या न्यायला आली. सुट्टे पैसे तिच्या हातात दिले नाहीत, फळीवर ठेवले.

“वैनी, हातात देत नाय का आता?”

“तुझ्या हाताला वास येतो.”

तिने पैसे उचलले. “वास तं समद्या फाट्याला येतो.” जाताना पायरीवर आईंजवळ वाकली, “आत्ये, गुडघा कसाय?” असं विचारून गेली. माझ्या देखत. मुद्दाम. आईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि माझा संताप संताप झाला. तिचं पहिलं बाळंतपण आईंनी केलं होतं, मान्य. म्हणून काय गाल कुरवाळायचे?

२४ ऑगस्ट, रविवार

झडती घेतली.

आम्ही अकरा जणी. काळूराम मुरबाडला गेला होता, ते बघूनच गेलो. मीना दारात उभी होती, बाजूला झाली. मी गोधड्या ओढून काढल्या. तांदळाची कोठी पालथी केली. चुलीमागे, माळ्यावर, मोरीत. आमच्यातल्या जनाने पाळण्यातली दुपटीसुद्धा झटकली. बाहेर माणसं जमली होती, भिमा ओरडत होता, “गावली का? गावली तं एक मला!”

पत्र्याच्या पेटीत तळाला एक कागद सापडला. अंगणवाडीच्या नोकरीचा अर्ज. पूर्ण भरलेला, कधीच न पाठवलेला. तेच अक्षर. धोंडीमावशीने तो घडी घालून परत ठेवला आणि पदराला हात पुसले.

बाटली एकही नाही.

जमिनीवर सांडलेला तांदूळ मीना सुपात भरायला बसली. वर न बघता म्हणाली, “झालं? आता पुढल्या घरी कवा जानार?”

“पुढचं घर कुठलं, ते तू सांग.”

तिने तोंड उघडलं. दारातून रस्त्यापर्यंत बघितलं. आणि परत तांदूळ वेचायला लागली.

मी म्हटलं, बघा, बोलती बंद झाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

२५ ऑगस्ट

तांदळात पाय पडला होता माझा. आत्ता आठवतंय. झटकला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

लिहायला नको वाटतंय. लिहिते.

चारच्या सुमाराला वारं सुटलं, सर येणार असं दिसलं. छत्री घेऊन आईंकडे धावले. वर कणसं दोनच उरली होती. टोपली उचलायला गेले तर उचलेना. आई म्हणाल्या, “ठेव. ठेव ती.” मी गोणपाट काढलं. खाली अजून एक गोणपाट. त्याखाली बाटल्या. सात.

आम्ही दोघी भिजलो. छत्री उघडायचं सुचलंच नाही.

“आई, कुणी दिल्या?”

“इकत घेतल्या. शनवारी. शनवारी दुकान उघडं आसतं.” जणू किराणा घेतल्यासारखं.

“काळूरामला माहीत आहे?”

“त्याला काय, तो इकतो. मीना नको म्हनत व्हती. आत्ये, नको करू, म्हने. मंग मीच तिला शपथ घातली, जयाला सांगायचं नाय.”

मीनाला माहीत होतं. मी तिची कोठी पालथी करत होते तेव्हा माहीत होतं. अकरा जणींसमोर एक शब्द बोलली असती तर –

मी ओरडले. म्हटलं, तुमचा पोरगा गेला ह्या बाटलीपायी, आणि तुम्ही? आणखीही बोलले. इथे नाही लिहीत.

आई शेगडीतले निखारे विझताना बघत होत्या. “देवजी माजाबी व्हता. तो नाय येनार. तू म्हनलीस शेणव्याला जाते. रविवारचा पैसा घरात आला नाय तं तू जाशील. मंग मी कोनाकडं बगू?”

१ सप्टेंबर

भिमा त्या दिवशी म्हणाला होता, देवानं दिली.

३ सप्टेंबर, बुधवार

मीना दुकानावरून गेली. आत बघितलं नाही. मी हाक मारायला उठले, आणि तागडी पुसत राहिले. चार वर्षं तिच्या घराकडे बघून मी दात खाल्ले. त्या रागाने मला उभं ठेवलं, हेही खरं. आता कशाला धरून राहू?

बाटल्या मिठाच्या गोण्यांमागे आहेत. ओढ्यात फोडून टाकल्या की संपलं. कुणाला कळणार नाही. आई सांगणार नाहीत, मीना तर नाहीच.

कुणाला कळणार नाही, हे वाक्य चारदा मनात आलं. काळूरामसुद्धा असाच हिशेब करत असेल.

आईंना आज सांगितलं – मी कुठे जाणार नव्हते. कधीच. त्या म्हणाल्या, “मंग बोलायचं व्हतं ना गो.”

६ सप्टेंबर, शनिवार

धोंडीमावशीकडे निरोप पाठवला. उद्या नऊ वाजता त्याच अकरा जणींनी यायचं, दहा त्या आणि मी. झडती आहे. कुणाच्या घरी, ते कळवलं नाही. मीनाकडे मी स्वतः गेले. दारातूनच म्हटलं, तू ये, तुझ्यासमोर व्हायला हवं. तिने मान हलवली – हो की नाही, कळलं नाही.

बाटल्या आहेत तिथेच आहेत. बोलणार मी. आईंना बोलू देणार नाही.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, केरसुणी घेतली.

“मानसं येनार. घर झाडून ठेवते.”