नाताळची चाल आणि एकच अ‍ॅडॉप्टर

१ डिसेंबर १९९६, रविवार
उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी हातात कागद ठेवला. नवं नाताळगीत. शब्द त्यांचे, आठ कडवी, चाल मी लावायची. पंचवीस तारखेला मंडळी नवी चाल ऐकणार, असं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. कागद छातीशी घट्ट धरला. भीतीने नव्हे, प्रतिभेने. देवळातल्या पेटीवर अकरा वर्षं मीच बसतोय, ते काय उगीच? चाल दोन दिवसांत होईल.

३ डिसेंबर, संध्या. ६
ड्युटीवरून आल्या आल्या कॅसिओ कीबोर्ड काढला. अडचण! त्याचा अ‍ॅडॉप्टर व्हिडिओ गेमला लावलेला. (गेमचा स्वतःचा दिवाळीत जळाला. नशीब, हा बसतो.) काढणारच होतो, पण चौथी लेव्हल चालू होती. डोकं मोकळं व्हावं म्हणून अर्धा तास खेळलो. साडेआठ वाजले. बायको दया म्हणते, जेवायला तीनदा हाक मारली. मला एकच ऐकू आली.

८ डिसेंबर, रविवार
पाळकसाहेबांनी विचारलं, चाल कुठवर आली? सांगितलं, मुखडा झाला, अंतऱ्यावर आहे. खरं तर सहाव्या लेव्हलवर आहे. जमत नसेल तर आत्ताच सांगा म्हणाले, पॉल बसेल पेटीवर. पॉल म्हणजे आमच्या गायनमंडळातला गिटारवाला, वय चोवीस. तो हसत होता. जमत नसेल म्हणे!

११ डिसेंबर
सातवी लेव्हल!! गेम बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पॉजवर ठेवलाय. पॉजवर असताना मी खेळत नसतो, हे दयाला पटत नाही. ती म्हणते, अहो, घरची पेटी आहे ना, तिला लाईट लागत नाही. आता हिला काय सांगायचं? पेटीवर जुन्याच चाली येतात. दुसरा अ‍ॅडॉप्टर आणायला नगरला जावं लागेल, आणि साखर कारखान्याचा हंगाम चालू असताना रजा कोण देतो?

१४ डिसेंबर
अ‍ॅडॉप्टरला हात लाववत नाही इतका तापलाय. आग लागेल की काय! त्याच्यावर टेबलफॅन लावून ठेवलाय. दया स्वेटर घालून स्वयंपाक करते.

१७ डिसेंबर, संध्या. ७
स्कूटरचा आवाज. पाळकसाहेब! मोरीत जाऊन कडी लावली. दयाने खोटं बोलायला नकार दिला असावा, कारण ते थेट मोरीच्या दाराशी येऊन म्हणाले, यशया, देव तुम्हाला शक्ती देवो. मी आतून आमेन म्हणालो.

२१ डिसेंबर, सकाळी ९
लाईट गेली. सातवी लेव्हल गेली. दहा दिवस सांभाळली होती! असो. देवाचीच योजना. आता अ‍ॅडॉप्टर मोकळा.
दुपारी ३. लाईट आली. आत्मविश्वास परत यावा एवढ्यापुरताच पहिल्या लेव्हलपासून सुरू केलंय.

२२ डिसेंबर, रविवार
कार्यक्रमपत्रिका छापून आली. 'चाल : श्री. यशया साळवे.' गायनमंडळाला सांगितलं, चाल ऐनवेळी शिकवीन, म्हणजे ताजी राहते. सगळे एकमेकांकडे बघत होते.

२४ डिसेंबर, संध्या. ५
शेवटी घरची पेटी काढली. सा लावला. पुढे काहीच नाही.
भ्यालोय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय? ती पेटीमागची जागा गेली तर मी कोण? कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा क्लार्क, बास.

२५ डिसेंबर, सकाळी ७
काखेत कांदा दाबून पडलोय. याने ताप येतो. शाळेत असताना आला होता. दयाने पांघरूण वर करून पाहिलं, कांदा भाजीला लागणार आहे म्हणाली, आणि एकटीच देवळात गेली.
१०.४०. आतापर्यंत तिकडे हाहाकार उडाला असेल. कोणीतरी न्यायला येईलच. शर्टाला इस्त्री करून बसलोय. तापातही जाईन.
११.३०. अजून कोणी नाही. रस्ता चुकले असतील. गल्लीत दोनच घरं आहेत, तरी.
१.१५. दया आली. पॉल पेटीवर बसला म्हणे. नवे शब्द जुन्याच चालीवर म्हटले, त्यामुळे सगळ्यांना म्हणता आले. मंडळी खूश. मी विचारलं, माझी कोणी चौकशी केली का? ती वेणीतला गजरा सोडत राहिली. मग म्हणाली, पहिल्या बाकावरच्या छबूबाई दारात भेटल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं दिसत नाही. हात धरून म्हणाल्या, तुज्या नवऱ्यानं आज लई ग्वाड पेटी वाजिवली बाई, इतक्या वर्सांत पयल्यांदाच.
दया त्यांना थँक्यू म्हणाली.