कमेटीचा गुलाब

चिखलदरा,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९४९

ती. सत्यभामाबाईस शालूचा नमस्कार.

मी बरी आहे. थंडी फार, पण कांबळं पुरतं. तुझे गुडघे कसे आहेत? डोंगरावरच्या एवढ्याशा म्युनिसिपालटीनं, इथं तिला कमेटी म्हणतात, ह्यांच्या माघारी मला बागेत पाणी घालायला ठेवलं, हेच पुष्कळ.

मन रमतं का, विचारलंस. ह्यांच्या जागी सहदेव माळी आला आहे. ह्यांनी लावलेल्या झाडाचा एक गुलाब तो रोज तोडतो आणि बायकोच्या अंबाड्यात खोवतो. बाई, मला ते बघवत नाही. चौदा वर्षांत मी एकदाच मागितला होता, तर म्हणाले, "कमेटीचा हाये तो, आपला नाई." तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

काल कमेटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "शालूबाई, गुलाब कमी काहून दिसतात?" सहदेवची बायको डोक्यावर पदर ओढून माझ्याकडे बघत राहिली. खरं बोलले असते तर त्याची नोकरी गेली असती.

मी म्हटलं, "माकडं नेतात, साहेब."

तेव्हापासून एकच मनात येतं. आमच्या वेळी एखादं माकड का आलं नाही?

मुलांना जवळ घे माझ्या वतीनं.

तुझी
शालू