खिळ्यावरचे हातमोजे

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. पत्र लिहायचं खातं तुझ्या आईचं. मी आपला शेवटी ‘बाकी ठीक’ एवढं खरडून मोकळा व्हायचो. या वेळी सगळं मीच लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. टोमॅटो बरे आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. आनंद व्हायला हवा होता, पण मी गोठ्याच्या दारात नुसता उभा राहिलो. हल्ली कशाचंच फार काही वाटत नाही.

मागच्या वर्षी शेती खात्याची एक मुलगी आमच्याकडे येऊन गेली होती. शेतीत कशाकशाचा धोका वाटतो, हे तिला नवराबायकोला वेगवेगळं बसवून विचारायचं होतं. मला बाहेरच्या खोलीत विचारलं. मी पाऊस, गारा, करपा, पडलेले भाव, न मिळणारे मजूर असं धडाधड सांगत सुटलो. तिला कागद पुरेना. मग ती स्वयंपाकघरात गेली. तुझ्या आईने एकच गोष्ट सांगितली, यांचे फवारणीचे कपडे. फॉर्मात त्याला रकानाच नव्हता, म्हणून त्या मुलीने ते समासात लिहून घेतलं. मी दारातून ऐकलं आणि हसलो. पुढे वर्षभर गावातल्या दुकानात बसून तीच गंमत सांगत होतो, की आभाळ फाटलं तरी आमच्या बाईसाहेबांना धुण्याचीच काळजी. लोक हसायचे. तीही हसायची, निदान मला तसं वाटायचं.

मोरीवरचा खिळा तुला आठवत असेल. खात्याकडून एका शेताला एकच संच मिळतो, शेत ज्याच्या नावावर त्याला. मास्क, चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. मी ते जिवापाड जपायचो. फवारणी झाली की हातमोजे खळबळून खिळ्याला अडकवायचे आणि औषधाने ओले झालेले कपडे खाली टाकायचे. त्याच खिळ्याखाली बसून ती ते उघड्या हातांनी चोळायची. सोळा वर्षं. घाल म्हणून मी कधी म्हटलं नाही, आणि तिनेही मागितले नाहीत. ते फवारणीचे हातमोजे होते ना. हातांना मुंग्या येतात म्हणाली, तर मी म्हटलं पाणी गार आहे, कोमट घेत जा. सल्ला द्यायला माझं काय जात होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिने शेगडीवरचं दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि शांतपणे टेबलावर आणून ठेवलं. मी ओरडलो तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग हातांकडे. फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या नसा मंद झाल्यात. फवारणीच्या औषधामुळेच का, ते खात्रीने सांगत नाहीत, पण ते कपडे तिला पुन्हा शिवू देऊ नका म्हणाले. सुधारेल किती, यावरही काही बोलत नाहीत. आता तिची बटणं मी लावतो, वेणीही घालतो. गाईचं दावं वळताय का, असं विचारते. मला रडू यायला हवं, पण येत नाही. तिच्या बोटांचं जे झालं, तेच माझ्या आत झालंय बहुतेक.

तुझं पत्र परवा आलं. जावईबापू आता स्वतः फवारणी करतात आणि संध्याकाळी त्यांचे कपडे बडवता बडवता तुझी कंबर मोडते, असं तू थट्टेने लिहिलंस. मी ते तिला वाचून दाखवलं. ती उठली, समोर येऊन बसली आणि आत्ताच्या आत्ता लिहायला घ्या म्हणाली. तिने एकच वाक्य सांगितलं. ‘त्याचे कपडे त्याला धुऊ दे, आणि तो हसला तरी धुऊ नकोस.’ बाकीचं लिहायची गरज नाही म्हणाली. ते मी माझ्या मनाने लिहिलं, कारण हसणारा कोण होता हे तुला कळायला हवं. सही मात्र तिला स्वतःच करायची होती. पेन बोटांत बसवून मी तिचा हात कागदावर टेकवला, तर म्हणाली सोडा आता. खाली जी वाकडी रेघ दिसते आहे, ती आई आहे.

तुझाच,
बाबा