तलवाड्याचं गायरान

हैदराबाद,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८४३

तीर्थरूप आक्काच्या चरणी सुंदररावाचा दंडवत. विशेष विनंती अशी की, मी येथे खुशाल आहे, आणि धारूरच्या घरात तू एकटी कशी दिवस काढतेस याची चिंता करत असतो.

आपल्या भागातल्या जमीनदारांनी मला कायदे कौन्सिलचा मेंबर निवडलं, तेव्हा तू म्हणाली होतीस की आता माझा भाऊ मोठ्या लोकांत बसेल. बसतो खरा. सगळे उर्दूत बोलतात, तेही इतकं अदबीनं की कोण कुणावर रागावलाय हे मला उशिरा कळतं. मी त्याच भाषेत वकिली केली, पण तिच्यात मला अजून कुणाशी हसता येत नाही. कामकाज संपलं की मेंबर आपापल्या बग्ग्यांतून निघून जातात आणि मी पायी खोलीवर येतो. खाली अत्तरवाल्याचं दुकान आहे, त्यामुळे माझ्या भातालाही गुलाबाचा वास येतो. हस, तू हसशीलच.

सध्या आमच्यापुढे दोन मसुदे आहेत. एक जमिनीचा. गावचं गायरान कारखान्याला द्यायचं असेल तर गावाला न विचारता तालुकदारानं देऊन टाकावं, असा. दुसरा निवडणुकीचा. उभा राहणाऱ्यासाठी पंगती कुणी घातल्या, फेटे कुणी वाटले, गाड्या कुणी जुंपल्या, हे सरकारात जाहीर करावं, असा. माझ्या पंगती कुणी घातल्या ते तुला ठाऊकच आहे. आपले व्याही विठ्ठलराव नसते तर मला धारूरच्या वेशीबाहेर कोण ओळखत होतं?

सत्यभामेला पाचवा लागल्याचं कळलं. फार आनंद झाला. लेकीला माझा आशीर्वाद कळव. पत्र लवकर लिही. येथे नुसतं तुझं अक्षर दिसलं तरी दोन घास जास्त जातात. थोडं लिहिलं, उरलेलं तू समजून घेशील. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
सुंदरराव


धारूर,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चिरंजीव सुंदररावास केसरबाईचा उदंड आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुलाबाचा भात खानारा आपल्या घरान्यात तूच पैला.

माझी काळजी करू नको. सत्यभामा नांदायला गेल्यापासून चूल एका भाकरीपुरती पेटती, एवढंच. कधी चुकून दोन थापते. दुसरी गाईला घालते. गाय लई खूश हाय.

तलवाड्याहून विठ्ठलराव आलते. लेकीचा सासरा म्हनून पुरनाचा सैपाक केला. जेवताना म्हनले की, आमच्या गावच्या गायरानावर कापसातली सरकी काढायचा कारखाना, जीन, घालायची हाय, मसुदा मंजूर झाला की काम झालं, आन आपला मानूस कौन्सिलात हायच. तुला आपला मानूस म्हनले ते मला आदी ग्वाड वाटलं, मग न्हाई वाटलं. कावून, ते सांगता येत न्हाई.

मागून तलवाड्याची साखराबाई येऊन गेली. तिकडची सुईन ती. तिच्या घरची मेंढरं बालाघाटावर चरायला आनलीत. म्हनली, सुगीत आमी डोंगर धरतो, पन बाकीचं साल त्या गायरानावरच जातं. साऱ्या गावची गुरं तिथंच. तिनं काई मागितलं न्हाई. जाताना एवढंच इचारलं की, तुमच्या भावाचा हात आपनहून वर जातो का कुनी धरून वर करतं?

अंगावर घ्यायला घोंगडी धाडते. तिला मेंढराचा वास येतो, गुलाबाचा न्हाई. जिवाला जप, आन आक्काला इसरू नको.

केसरबाई


हैदराबाद,
पौष शुद्ध तृतीया

तीर्थरूप आक्कास सुंदररावाचा दंडवत. घोंगडी पोचली. ती अंगावर घेतली की ही खोली थोडी आपली वाटते.

विठ्ठलरावांचं पत्र आलं. जमिनीचा मसुदा मंजूर करावा आणि निवडणुकीचा पाडावा, असा सरळ हुकूम आहे. खाली लिहिलंय की खाल्ल्या अन्नाला जागावं. मी जेवायला बसलो की ते वाक्य समोर येऊन बसतं.

आक्का, मला खरं सांग. मी विरोधात उभा राहिलो तर ते सत्यभामेवर राग काढतील का? तिला पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे पाठवणार आहेत ना? तू नको म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही. तिला लहानपणी मी खांद्यावरून देवीच्या जत्रेला नेलंय. तिच्या वाट्याला माझ्यामुळं दुःख यावं इतका मोठा मेंबर मला व्हायचं नाही.

येथे विचारायला कुणीच नाही. परवा मी एकटाच मोठ्यानं बोलत होतो, तर अत्तरवाला वर येऊन विचारून गेला की पाहुणे आलेत का. उत्तर लवकर धाड, मी वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझा
सुंदरराव


धारूर,
पौष वद्य द्वितीया

चिरंजीव सुंदररावास आशीर्वाद. सत्यभामा या महिन्यातच येनार हाय. खोली सारवली, बाज नवी इनून घेतली. विठ्ठलराव मोठ्या मनाचे हायत, तिकडची काळजी करू नको.

तुझ्या मनाला पटल तसा हात कर. मला इचारून हात करायचा आसता तर लोकांनी मलाच मेंबर केलं आसतं. मग तू हितं गाय राखली आसतीस आन मी गुलाबाचा भात खाल्ला आसता.

जास्त लिहीत न्हाई, डोळे दुखत्यात. जिवाला जप.

केसरबाई


हैदराबाद,
माघ वद्य अष्टमी

तीर्थरूप आक्कास दंडवत. दहा दिवसांपूर्वी मतं झाली.

मी उठून म्हणालो की, माझ्या निवडणुकीच्या पंगती तलवाड्याच्या विठ्ठलरावांनी घातल्या, आणि आता त्यांना त्यांच्या गावचं गायरान हवंय. पंगतीचा धनी कोण हे लोकांना कळलं पाहिजे, मग मेंबराच्या तोंडून कोण बोलतो तेही कळेल. आधी हशा झाला. मग कुणी हसेना. बऱ्याच जणांना आपापल्या पंगती आठवल्या असाव्यात.

निवडणुकीचा मसुदा पडला. माझ्या बाजूला एक म्हातारे वकीलसाहेब तेवढे होते. पण जमिनीच्या मसुद्यात मी सुचवलेली दुरुस्ती थोडक्या मतांनी मंजूर झाली. आता चावडीवर गाव जमवून, गावानं हो म्हटल्याशिवाय गायरान कुणाला देता येणार नाही. तलवाड्याचं गायरान राहिलं, आक्का. हे सांगायला मी धावत खोलीवर आलो, आणि खोलीत कुणी नव्हतं.

आज विठ्ठलरावांचं पत्र आलं. सून तलवाड्यातच बाळंत होईल, माहेराचा उंबरा तिला बंद. आणि लिहितात की, तुमच्या बहिणीला हे मी मार्गशीर्षात पुरणपोळी खातानाच बजावून ठेवलं होतं.

म्हणजे सत्यभामा आलीच नाही, आणि मी विरोध केला तर असं होणार हे तुला ठाऊक होतं. मग नवी बाज विणल्याचं मला कशासाठी लिहिलंस? मी रजा मागितली आहे. तलवाड्याला जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. तुझ्या शब्दाची वाट पाहतो. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझा
सुंदरराव


धारूर,
फाल्गुन वद्य एकादशी

चिरंजीव सुंदररावास केसरबाईचा आशीर्वाद. तू तलवाड्याला जाऊ नको. मीच जाऊन आले, म्हनून उत्तराला उशीर झाला.

बाज खरंच इनली होती. सत्यभामा येनार, एवढंच खोटं लिहिलं. खरं लिहिलं आसतं तर तू हात खाली ठेवला आसतास, आन मग जलमभर आपन दोघं एकमेकाकडं नीट बघू शकलो नसतो. माझ्यावर रागावायचं तर रागव.

तिचे दिवस भरत आले म्हनून गाडी जुंपून गेले. विठ्ठलराव दारात आले. म्हनले, इहीनबाई, तुमच्या भावानं भर कौन्सिलात माझी पंगत काडली, आता तुमाला पानी इचारायची माझी छाती न्हाई. जावई बद्रीनाथ मागं उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी गाडी वळवली आन साखराबाईच्या खोपीवर जाऊन ऱ्हायले. गायरानाच्या कडंलाच हाय ती.

तिथं डिंकाचे लाडू केले. आत कसे द्यायचे, ते कळंना. साखराबाईनं दोन घरी सांगितलं, त्यांनी आनखी चार घरी. दुपारी सत्यभामा बाळंत झाली, पोरगी झाली. मग एकेक बाई बाळंतिनीला बघायला म्हनून जायची आन पदराखाली माझे लाडू न्यायची. सासूनं इचारलं की, हे कुनी केले? साखराबाई म्हनली, गावानं केले. गावापुढं सासू काय बोलनार? सत्यभामेनं आईच्या हातची चव वळखली. डोळे पुसत पुसत एकामागून एक खात ऱ्हायली म्हने.

आता मी परत आले. बाज भिंतीला उभी करून ठिवली. तलवाड्याचं लोक चावडीवर जमले की गायरान द्यायला न्हाई म्हननार हायत, तसं मला सांगून धाडलंय. विठ्ठलरावांचा राग कवा निवल ते देव जाने. तुला पुन्यांदा कुनी उभं करनार न्हाई, तवा मुदत सरली की सरळ घरी ये. हितं बोलायला मानूस हाय.

पोरीचं तोंड काई मला बघायला मिळालं न्हाई. खोपीपुढं मेंढरं चरत होती, त्यांच्यात उभी होते, तवा तिचं पैलं रडनं ऐकलं. गावातून पार गायरानापातूर आलं. आवाज लई मोठा हाय, सुंदर.

वाट बघनारी
तुझी आक्का