निरोगी क्रमांक चौदा

१२ जाने.
शेवटी नाना आले. आईने धाडलं. दीड वर्षात बाप पहिल्यांदा लेकीच्या लॅबमध्ये, तोही रक्त द्यायला. सरांना हृदयरोगाच्या अभ्यासासाठी पन्नाशीपुढचे निरोगी पुरुष मिळत नाहीत, हे आईला मीच बोलले होते. झक मारली.

दोन जिने चढले तर घामाघूम, कठडा धरून उभे. "मिरचीना ठसका शे." मिरची वाळवायच्या पथारीवर सीझन जोरात, अंगाला वास. मी फॉर्म वाचून विचारलं. छातीत जळजळ? "मिरचीना यापारी शे मी. जळनारच. नही लिखी ले."

लिहिलं, 'नाही'. एकदाचे जावेत म्हणून. नळीवर नंबर टाकला: नि-१४. नि म्हणजे निरोगी.

जाताना: "पस्तिशी उनी. आते तरी लगीननं देख." खड्ड्यात गेलं लगीन.

५ मार्च
हृदयरोगी आणि निरोगी, सगळे नमुने लावले. चरबी फोडणाऱ्या एन्झाइमची जनुकं कुणात किती चालू, एवढंच बघायचं. निरोगी सगळे एका बाजूला. एकजण सोडून. तो रोग्यांत जाऊन बसलाय.
नि-१४.
परत लावलं. तेच.

६ मार्च
सर: "आऊटलायर. काढून टाक." कुणाचं रक्त आहे ते सांगितलं तर माझ्यावरच उखडले. "कोड फोडलास, रक्त देणाऱ्याला काही कळवलंस, तर काम बंद. आणि एका माणसाच्या जनुकांवरून निदान होत नाही, एवढं शिकलीस ना?"
नाही होत. खरंय. म्हणून तर जास्त चीड. पण जिन्यावरचे घामाघूम नाना मी पाहिले होते ना, या शहाण्याने नाही.

९ मार्च
कोड फोडला. नानांना फोन. हार्टच्या डॉक्टरला दाखवा म्हटलं.
"तुन्हा मशीनले काय समजस? सोता लगीन करस नही, बापले रोगी कर!" ठेवला.
जा, मरा मग. मोठ्याने म्हटलं, फोन बंद झाल्यावर.

२८ मार्च
आई म्हणते, नानांचं जळजळीवर रोज ओवा नि काळं मीठ चालू आहे. मी गेले नाही. मला नाही पडलेली.

२० एप्रिल
पडलेली होती. गेले.
पथारी रिकामी. मिरचीची शेवटची गाडी कधीच गेली, जमीन झाडून वर पाणी मारलेलं. नाना खुर्चीत, हात छातीवर, कपाळ ओलं.
"काही नही. मिरची शे."
"कुठंय मिरची? दाखवा ना, नाना!" ओरडलेच.
त्यांनी खरंच इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडे. मग उठून मी थांबवलेल्या रिक्षात बसले.

हॉस्पिटल. नानांना आत नेलंय. तासभर झाला, कुणी बाहेर येत नाही. मी बाकावर. नर्सने फॉर्म दिलाय. छातीत जळजळ? 'हो' लिहिलं. पुढचा रकाना: कधीपासून?
तिथं काय लिहू?