राखून ठेवलेला रिव्हर्स

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. आज सकाळी दीड तास मी तुझ्या गाडीखाली आठही अंगं जमिनीला टेकवून पडलो होतो, तेव्हा तो प्रत्यक्ष घालून झालेला आहे. दिशा थोडी चुकली असेल.) तुझी कंबर आता कशी आहे? वहिनी अजून रोज पहाटे फिरायला जाते का, आणि तुलाही ओढून नेते का? इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे, लेक ठीक आहे आणि मी नेहमी असतो तसा आहे. गाडीबद्दल खाली सविस्तर येतंच आहे, तोवर तू खुर्चीवर नीट टेकून बस आणि पाण्याचा पेला जवळ घे.

पंधरा तारखेला तू नोकरी आटोपून कायमचा परत येणार आणि तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे ठेवलेली गाडी घेऊन जाणार, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (उतरतो, पण सावकाश.) तुझ्या वस्तू आणि मी, हा इतिहास तुला पाठ आहे. तुझी सायकल मी आठवड्यासाठी घेतली आणि दोन हप्त्यांत परत केली, आधी पुढचं चाक, मग उरलेली. तुझ्या कॅमेऱ्यात धूळ गेली म्हणून मी तो धुतला. तुझं गजराचं घड्याळ दुरुस्त केलं तेव्हापासून ते फक्त पालथं ठेवलं तरच चालायचं, आणि वेळ बघायला उचललं की बंद पडायचं. दर वेळी तू त्या वस्तूकडे बघायचास, मग माझ्याकडे बघायचास आणि म्हणायचास, “असू दे.” दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्यास तर मी केव्हाच विसरलो असतो. ते ‘असू दे’ मात्र अजून विसरता येत नाही. म्हणून तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस तेव्हाच मी मनाशी ठरवलं की जन्मात एक तरी वस्तू या माणसाला जशीच्या तशी परत करायची.

आणि त्यासाठी तुझी निळी वही होतीच. डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली, तुझ्या टपोऱ्या अक्षरातली, सतरा नियमांची. मी ती पाठ केली, हिच्याकडून पाठ करून घेतली, लेकीला तर ती शाळेतल्या कवितांपेक्षा चांगली येते. पहिला नियम, गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावावी. चौथा, जिचा शेवट दिसत नाही त्या गल्लीत शिरू नये. नववा, घरी आल्यावर फाटकाच्या थोडं पुढे थांबून इंजिन बंद करावं आणि गाडी पाठमोरी ढकलत आत न्यावी, कारण दिवसभर राबलेल्या इंजिनाला शेवटच्या घटकेला उलटं पळवणं बरं नव्हे. अकरावा, रिव्हर्स गिअर अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, ऊठसूट वापरू नये. आणि सतरावा, गॅरेजवाल्या मास्तरांखेरीज कुणालाही बॉनेटला हात लावू देऊ नये. दादा, या नियमांत मला नुसती गाडी दिसली नाही, जगण्याची रीत दिसली. चौथा नियम तर मी आमच्या हेडक्लार्कच्या निरोपाच्या भाषणात वापरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (नंतर कळलं की त्यांना सर्दी होती.)

तीन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी गाडी ढकलतोय. मी ड्रायव्हरच्या दाराशी, एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, मान मागे वळवलेली. पुढून बॉनेटवर ही आणि लेक. पहिल्या आठवड्यात गल्ली हसली. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक चौकशीला आले तेव्हा मी त्यांना इंजिनाच्या थकव्याबद्दल वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांची गाडी नवी कोरी आहे. गेलं दीड वर्ष तेही ढकलतात. मास्तर गेल्या वर्षापर्यंत गाडी बघायला यायचे आणि जाताना न चुकता विचारायचे, नीट ढकलता ना? मला केवढा अभिमान वाटायचा. पुढे गॅरेज बंद करून ते मुलीकडे राहायला गेले आणि सतराव्या नियमापायी गाडीला कुणाचा हात लागला नाही. कुरकुर सुरू झाली तर मी रेडिओ मोठा करायचो. पुढे रेडिओच बिघडला, तेव्हा मी स्वतः गुणगुणू लागलो.

इथवर सगळं तुझ्या वहीप्रमाणे चाललं होतं. पण तू येणार म्हटल्यावर मला वाटलं, गाडी जशीच्या तशी तर कुणीही देईल, आपण जराशी सुधारून द्यावी. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या वाक्यापासून सुरू झाली आहेत. घरातला मिक्सर मी सुधारल्यापासून तो लावला की दारावरची बेल वाजते, हे तुला मी मागे कळवलं होतं.) तर मी गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा आणला. रिव्हर्स टाकला की समोरच्या छोट्या पडद्यावर मागचा रस्ता दिसतो आणि आतून एक बाई सौम्य आवाजात सांगते, कृपया मागे लक्ष द्या. तुझ्या कंबरेला मान वळवायचा त्रास नको, असा माझा शुद्ध हेतू होता. बसवला मीच. रिव्हर्स राखून ठेवलेला असल्यामुळे तपासून काही बघितला नाही. फक्त ती बाई हॉर्न दाबला तरी बोलायला लागली, एवढं लक्षात आलं.

आता गेल्या रविवारचं सांगतो. हिला दोन वर्षांपासून मातीची भांडी करण्याचा छंद लागला आहे, हे तुला ठाऊक आहे. घरातलं प्रत्येक सपाट ठिकाण फुलदाण्यांनी व्यापलं आहे. त्या सगळ्या किंचित डावीकडे झुकतात. (ही म्हणते घर झुकलंय. मी पाणसळ लावून बघितली, घर सरळच निघालं, आणि ते बोलून दाखवलं, त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती.) तिच्या वर्गाचं प्रदर्शन होतं, पहिलंच. एकेक फुलदाणी जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही गाडी भरली, लेकीच्या मांडीवर चार, हिच्या मांडीवर सगळ्यात मोठी. मी फोनवर नकाशा लावला. तो फोनही माझ्याच वळणाचा, उन्हात तापला की त्याला रस्ते आठवत नाहीत. चौकाच्या अलीकडे तो म्हणाला, डावीकडे वळा. डावीकडे एक बोळ, उताराचा, पुढे वाकडा झालेला, शेवट काही दिसेना. ही एकदम म्हणाली, इथे वळू नका. एरवी ती असं सांगते आणि सोडून देते, त्या दिवशी मात्र तिने माझं मनगटच धरलं. मागून लेक चौथा नियम म्हणून दाखवत होती. पण फोन ठामपणे बोलत होता आणि इतक्या ठामपणे कुणी चूक सांगेल असं मला वाटलं नाही. मी वळलो.

बोळ दाताच्या दवाखान्यापाशी संपला. समोर दवाखान्याचा दरवाजा आणि पाटी, दोन्ही बाजूंना भिंती, दारं जेमतेम हातभर उघडतील एवढीच जागा. मी घाबरलो नाही. उलट मला उचंबळून आलं. अकराव्या नियमातली अडीअडचण ती हीच, ज्या क्षणासाठी आपण तीन वर्षं पै पै करून रिव्हर्स साठवला तो क्षण आला, असं मी मोठ्याने म्हणालोही. (ही खिडकीबाहेर बघत होती.) मी दांडा ओढला. आतून घमेल्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. पडद्यावर आभाळ खाली आणि बोळ वर दिसू लागला, कारण कॅमेरा मी उलटा बसवला होता. बाई म्हणाली, कृपया मागे लक्ष द्या. मी मागे लक्ष दिलं आणि गाडी उतारावरून सावकाश पुढे गेली. दवाखान्याची पाटी पडली, तुझ्या गाडीच्या डाव्या दिव्याची काच फुटली. मी परत रिव्हर्स टाकला. परत खडे. गाडी मागे म्हणून तसूभर हलली नाही.

डॉक्टर हातमोजे घातलेले तसेच बाहेर आले. तोंडाला रुमाल लावून बसलेले सहा पेशंट त्यांच्यामागून आले. आणि दादा, जगात माणुसकी आहे. ते सहा जण ज्या उत्साहाने गाडी चढावर ढकलायला धावले तसा उत्साह मी कुठे पाहिलेला नाही. एक आजोबा तर म्हणाले, सावकाश होऊ द्या, आम्हाला आत जायची काही घाई नाही. सव्वा तास लागला. तोवर ही आणि लेक फुलदाण्या हातात घेऊन प्रदर्शनाला चालत चार खेपा करून आल्या. पाटीच्या बदल्यात डॉक्टरांनी एक भांडं ठेवून घेतलं. ही आधी खूश झाली, पण पेशंट चूळ भरून त्यात टाकतात हे कळल्यापासून त्या डॉक्टरांचं नाव घरात काढायची सोय नाही.

तर असं आहे. मी तुझा रिव्हर्स मोडला. कसा मोडला ते कळत नाही, तीन वर्षांत हात लावला नव्हता, कदाचित न वापरल्यानेच गंजला असेल. आज सकाळी गाडीखाली शिरून तो शोधत होतो. गाडीखाली बरंच काही आहे, पण कशावरही नाव लिहिलेलं नाही. मास्तरांना निरोप धाडलाय, उद्या येतो म्हणालेत. तू एवढ्या विश्वासाने दिलेली एकच वस्तू मी शेवटच्या पंधरवड्यात मोडून बसलो, याचं मला खरोखर वाईट वाटतंय, दादा. दोन दिवस ऑफिसातही लक्ष नाही. तू आल्यावर हवं ते बोल, चारचौघांत बोल. फक्त गाडीकडे बघून, मग माझ्याकडे बघून, ‘असू दे’ म्हणू नकोस. ते मला आता या वयात सोसायचं नाही. वहिनीस नमस्कार.

तुझा,
काही न टिकवणारा धाकटा भाऊ

ता. क. डिंकाची बाटली वाळून दगड झाल्यामुळे पत्र काल गेलं नाही, ते बरंच झालं. मास्तर आले. गाडीखाली दोन मिनिटं गेले, बाहेर आले आणि चाकाला टेकून डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, रिव्हर्स? तो या गाडीला साडेपाच वर्षांत नाही. दादा, गाडी पुढे जात असताना तू घाईत रिव्हर्स टाकलास म्हणे आणि आतले दात खडाखड तुटले. पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं मास्तरांनी सांगितल्यावर तू गाडीकडे बघितलंस, मास्तरांकडे बघितलंस आणि म्हणालास, “असू दे.” मला किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या गॅरेजात बसून, त्यांचंच पेन मागून घेऊन ती वही लिहिलीस. धाकट्याला खरं काय ते सांगून टाका की, असं मास्तर म्हणाले, तर तू म्हणालास, “नको. त्याला वाटतं माझ्या हातून काही मोडत नाही.”

खरं म्हणजे मी चिडायला हवं होतं. हजारेक संध्याकाळी गाडी ढकलली आहे मी, आणि मुख्याध्यापकांना आता काय तोंड दाखवू? पण चिडलो नाही. पायरीवर बसून राहिलो आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुझ्याही हातून मोडतं. हे सायकलच्या वेळीच सांगितलं असतंस तर मी इतकी वर्षं तुझ्यासमोर हातात पेला धरताना घाबरलो नसतो.

ता. क. दुसरा. आता खरं मागणं. मास्तर म्हणतात, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स मिळाला तर रिव्हर्स बसेल. दादा, नको बसवायला. आणि जमलं तर गाडी नेऊही नकोस. लेक आता चौदा वर्षांची झाली, घरात तिची खोली बंद असते. पण संध्याकाळी गाडी ढकलताना ती दिवसभराचं सगळं बोलते, कारण माझं तोंड मागे असतं आणि तिला माझ्याकडे बघावं लागत नाही. फाटकापासून आत यायला चार मिनिटं लागतात. हल्ली मी मुद्दाम गाडी जरा लांब थांबवतो. तिघांनी मिळून एवढा जोर लावायची दुसरी कुठली गोष्ट या घरात उरलेली नाही.

ता. क. तिसरा (हिच्या अक्षरात). भाऊजींना नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून या चार ओळी. रिव्हर्स नाही हे तुम्ही गाडी दिलीत त्याच दिवशी वहिनींनी मला सांगितलं होतं. त्या बोळात वळू नका म्हणून मी का ओरडत होते, ते यांना अजून सुचलेलं नाही. आणि ढकलायचं म्हणाल तर मी बॉनेटवर नुसता हात ठेवते, लेकही नुसता हात ठेवते. मान मागे असल्यामुळे यांना दिसत नाही. तीन वर्षं गाडी हे एकटेच ढकलताहेत. ते यांना सांगू नका, आणि गाडी इथेच असू द्या.