का-लोकला कळवू नये

मी ताम सूक-यिंग, वय अडुसष्ट, टोरंटोत स्पडायना रस्त्यामागच्या गल्लीत राहणारी, शिवणकारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शेजारीण फूंगबाई डोक्यावर उभी आहे, पण तिला दबाव म्हणत नाहीत. येत्या मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. मी फार घाबरले आहे. घाबरलेल्या माणसाने मृत्युपत्र लिहू नये असा कायदा नसावा.

१. हे घर माझा मुलगा ताम का-लोक याला द्यावे. त्याच्यामागे ते नात पुइ-यीला जावे. ती सात वर्षांची आहे. मी तिला फक्त फोटोत पाहिली आहे.

२. शिवणयंत्र का-लोकलाच. त्याची फी त्यावरच निघाली. विकायचे तर विकावे, पण माझ्या नणंदेला देऊ नये. ती एकदा त्याला 'शिंपिणीचं पोर' म्हणाली होती.

३. सुपाचे मोठे पातेले फूंगबाईला. तिने माझी वाफवायची बांबूची टोपली सहा वर्षांपूर्वी नेली आहे, तीही पातेल्याबरोबर तिलाच दिली असे धरावे. माझ्या हाताला अजून तिघांच्याच भाताचे माप बसले आहे. उरलेला भात दुसऱ्या दिवशी मी एकटी खाते.

चौथे कलम नाही. आम्हा चिनी लोकांत चाराचा उच्चार मरणासारखा, म्हणून तो आकडा अशुभ. इस्पितळात मला खाट चौथ्या मजल्यावर दिली आहे, तेवढे पुरे.

५. का-लोकची खोली त्याच्या मनाप्रमाणे रिकामी करावी. मला ते जमले नाही. पलंगावरची चादर मी दर महिन्याला धुते.

६. मंगळवार पार पडेपर्यंत का-लोकला कळवू नये. आमच्या गावची रीत अशी की, दूरच्या मुलाला चांगले तेवढेच सांगावे. माझी आई गेली तेव्हा मलाही तीन महिन्यांनी पत्र आले. नवरा आजारी पडला तेव्हा का-लोकची व्हँकूव्हरला शेवटची परीक्षा होती. सात रविवार मी फोनवर म्हणाले, "बाबा झोपलेत." तो आला तेव्हा अंत्यविधी होऊन सहा दिवस झाले होते. दारात बाबांचे बूट नव्हते. "तू कोण ठरवणारी?" एवढेच तो म्हणाला. मी संत्रे सोलून, शिरा काढून त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवले. तो विमानतळावर गेला. संत्रे तसेच राहिले. बारा वर्षे झाली. नववर्षाला फोन येतो.

७. मला सर्वांत जास्त भीती मरणाची नाही. गुंगीतून उठल्यावर इंग्रजी परत आले नाही तर? मी आमच्या बोलीत पाणी मागेन आणि कोणाला कळणार नाही. तेव्हा कोणीतरी

इथवर लिहिले आणि घंटा वाजली. का-लोक आला होता, हातात पिशवी घेऊन, कानांपाशी केस पिकलेला. फूंगबाई कपाटाकडे बघू लागली. फोन तिनेच केला होता.

"काय लिहितेस, आई?"

"किराण्याची यादी."

"खाली 'साक्षीदार' लिहिलंय. यादीवर साक्षीदार कशाला लागतो?"

मी कागद झाकला. त्याने ओढला नाही. तो समोर बसला आणि म्हणाला, "मावशींनी फक्त ये म्हटलं. कशासाठी ते तू सांग."

कारखान्यात सुई बोटात घुसली तरी मी ओरडले नव्हते. आता म्हणाले, "मंगळवारी छाती उघडणार आहेत. मला भीती वाटते रे."

त्याने कागद घेतला, सगळा वाचला. सहाव्या कलमावर बराच थांबला. नाक पुसून म्हणाला, "पाणी मागायला आपल्या बोलीत काय म्हणायचं, ते मला येतं."

फूंगबाई म्हणाली, "चला, साक्षीदार दोन लागतात, दुसरी सही याचीच घ्या!"

"वारसाला साक्षीदार होता येत नाही, बाई," मी म्हणाले.

"मग माझं नाव काढ," का-लोक म्हणाला.

"आणि घर?"

"घर नको. या वेळी मला सांगितलं होतं, हे माझ्या सहीनं कागदावर राहू दे."

म्हणून कलम एक व दोनमधून का-लोकचे नाव खोडले असून घर व यंत्र पुइ-यीला दिले आहे. पातेले साक्षीदारालाच जात असल्याने कलम तीन रद्द. फूंगबाईने टोपली आणून द्यावी. कलम सहाही रद्द. खाडाखोड सर्वांसमक्ष केली आहे.

टोरंटो, रविवार, १८ मार्च २०१२

सही: ताम सूक-यिंग

साक्षीदार: फूंग लाइ-क्वान, शेजारीण (टोपली शोधते आहे)

साक्षीदार: ताम का-लोक, मुलगा. आईने मला स्वतः सांगितले. मी हजर होतो.